सेटिंग कोणाला शिकवायचं?

सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये जा. दोन-तीन सीएनसी लेथ असतील, आठ-दहा माणसं असतील. तिथे कोणालाही एकच प्रश्न विचारा, "इथे सेटिंग कोण करतं?" (कॉलेजातलं सेटिंग नव्हे.) मी ज्या ज्या ठिकाणी हा प्रश्न विचारला, तिथे उत्तरात एकच नाव आलं. आणि ते नाव शेठच्या मुलाचं, पुतण्याचं नाहीतर मेव्हण्याचं होतं.

मशीनवर उभा असलेला ऑपरेटर काय करतो? जॉब चकमध्ये पकडतो, दार ओढतो, हिरवं बटण दाबतो. मशीन थांबलं की जॉब काढतो, मोजतो, क्रेटमध्ये ठेवतो. पुन्हा पुढचा. पण नवीन जॉब लागला की हे चालत नाही. टूल बसवायचे, ऑफसेट द्यायचे, प्रोग्रॅममध्ये फेरफार करायचा, पहिला पीस काढून ड्रॉइंगशी ताडून बघायचा, बसला नाही तर परत. हे सेटरचं काम. ऑपरेटर आणि सेटरच्या पगारात फरक असतो, मानात त्याहून जास्त. पण शेठच्या दृष्टीने खरा फरक वेगळाच असतो. सेटिंग आलेल्या माणसाला दुसरीकडे लगेच काम मिळतं.

म्हणून सेटिंग शिकवत नाहीत.

माझे पप्पा सातपूरच्या अशाच एका वर्कशॉपमध्ये 26 वर्षं होते. हेल्पर म्हणून लागले, साध्या लेथवर टर्नर झाले, पुढे शेठनी सीएनसी घेतल्यावर त्यावर ऑपरेटर. सेटिंग शेठचा पुतण्या करायचा. तो लग्नकार्याला गावी गेला की मशीन बंद, पप्पा झाडलोट करायचे, नाहीतर बर काढत बसायचे. पप्पांना सेटिंग येत नव्हतं असं नाही. "बघून बघून येतं गं," ते म्हणायचे, "पण हात लावू देत नाहीत." एकदा मी विचारलं, की मग तुम्ही सांगत का नाही, की मला येतं म्हणून? तर म्हणाले, "सांगितलं तर शेठला वाटेल, मी जायच्या तयारीत आहे."

हे वाक्य मला तेव्हा कळलं नव्हतं. मी बारावीत होते.

आता मी 28 वर्षांची आहे. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, पुण्यात साडेतीन वर्षं नोकरी केली. घरून काम करायची सवलत संपली तेव्हा पुण्याला परत जायचं की नाशिकलाच राहायचं, असा प्रश्न आला. नाशिक निवडलं. पगार कमी झाला, जेवण चांगलं झालं. गंगापूर रोडवर एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी आहे. नऊ माणसं. छोट्या व्यापाऱ्यांसाठी बिलिंग आणि स्टॉकची सॉफ्टवेअर करतो, आणि द्राक्ष निर्यातदारांच्या पॅकहाउससाठी एक सिस्टिम. कोणत्या बागेतली द्राक्षं कोणत्या बॉक्समध्ये गेली, तो बॉक्स कोणत्या पॅलेटवर चढला, याची साखळी सांभाळणारी. युरोपला माल पाठवायचा तर अपेडाच्या ग्रेपनेटवर ही साखळी दाखवावी लागते. एक दुवा तुटला तर कंटेनर थांबतो.

कंपनीचे मालक, म्हणजे आमचे सर, स्वतः चांगले इंजिनिअर आहेत. पुण्यातली नोकरी सोडून त्यांनी हे उभं केलं. क्लायंट तीन-तीन महिने पैसे अडकवतात (कायद्याने छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायला हवेत, पण हा कायदा आपल्याच क्लायंटला ऐकवायची हिंमत कोण करणार), तरी आमचा पगार एक तारखेला होतो. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याशी भांडणार आहे.

दोन वर्षांपूर्वी सर म्हणाले, "यापुढे माणसं तू घे. मला वेळ नाही." छोट्या कंपनीत एचआर नावाचं खातं नसतं. ज्याला नाही म्हणता येत नाही तो एचआर.

पहिली जाहिरात टाकली आणि तीन दिवसांत दीडशेच्या आसपास रेझ्युमे आले. पहिले वीस वाचल्यावर मला वाटलं, एकच माणूस वीस वेळा अर्ज करतोय. तेच ऑब्जेक्टिव्ह, तीच "क्विक लर्नर, टीम प्लेयर". फायनल इयर प्रोजेक्टमध्ये हॉस्पिटल मॅनेजमेंट सिस्टिम, नाहीतर जेवण मागवायचं ॲप. यातल्या बऱ्याच जणांनी ते प्रोजेक्ट विकत घेतलेलं असतं, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. आणि ते मला माहीत आहे हेही त्यांना माहीत असतं. मग आम्ही दोघं मिळून पंधरा मिनिटं त्या प्रोजेक्टबद्दल बोलतो.

पहिल्या चार इंटरव्ह्यूंनंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एक, प्रोजेक्टबद्दल विचारणं बंद. चाळीस ओळींचा एक बिघडलेला प्रोग्रॅम समोर ठेवायचा आणि शेजारी बसायचं. इंटरनेट वापर, मला विचार, काहीही कर, फक्त मनात काय चाललंय ते बोलत राहा. दोन, मराठीत बोल.

दुसऱ्या बदलाने जो फरक पडला, तो मी अजून विसरलेले नाही. इंग्रजीत "येस मॅम, नो मॅम" करत खुर्चीच्या कडेवर बसलेली मुलं मराठीत आली की पाठ टेकून बसायची. अर्ध्यांना तरीही काही येत नव्हतं, ते सोडा. पण न येण्याचे प्रकार कळायला लागले. एकाला लॉजिक कळतं पण भाषा येत नाही. एकाला भाषा पाठ आहे पण समोरचं वाचायचं कसं ते माहीत नाही. पहिल्याला शिकवता येतं. दुसऱ्याला शिकवणं फार अवघड जातं, असं माझं मत आहे.

जुलै 2024 मध्ये निफाड तालुक्यातली एक मुलगी आली. माझा त्या दिवसाचा शेवटचा इंटरव्ह्यू होता, मी थकले होते. बिघडलेला प्रोग्रॅम तिला सुटला नाही. मग मी सहज विचारलं, घरी काय असतं? कांदा. मग म्हटलं, बाजार समितीत कांदा विकल्यावर हिशोबपट्टी मिळते ना, ती साठवायची असेल तर कोणकोणती माहिती लागेल, कागदावर मांडून दाखव. तिने लिहायला घेतलं. गाडी नंबर, वजन, भाव, हमाली, तोलाई, वाराई, हातात आलेली रक्कम. इथपर्यंत कोणीही लिहील. मग ती थांबली आणि म्हणाली, "ताई, गाडी आणि शेतकरी वेगळे ठेवावे लागतील. एका ट्रॅक्टरमध्ये दोन भावांचा कांदा असतो. पट्टी एकाच्याच नावावर निघते आणि मग घरी भांडण होतं."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत डेटाबेसवर दोन विषय असतात. एका वाहनाचे अनेक मालक असू शकतात हे ओळखून टेबल वेगळी करणं, हे त्या दोन्ही विषयांचं सार आहे. मी तिला तिथल्या तिथे घेतलं. पगार महिना 15,000. हा आकडा लिहिताना मला बरं वाटत नाही, पण नाशिकमधल्या छोट्या कंपन्यांत फ्रेशरला मिळणारे आकडे याच्या आसपासचेच आहेत, आणि मोठ्या आयटी कंपन्यांचं फ्रेशर पॅकेजही दहा वर्षांहून जास्त काळ साडेतीन लाखांच्या आजूबाजूलाच घुटमळतंय.

पहिला महिना तिने काहीही लिहिलं नाही. फक्त क्लायंटचे फोन ऐकायचे आणि तक्रार कोडमध्ये कुठे आहे ते शोधायचं. रोज चार ते पाच मी तिच्याबरोबर बसायचे. एकच नियम होता: अर्धा तास अडकलीस की विचारायचं. हा नियम तिने दोन महिने पाळला नाही. आपल्याकडे वर्गात प्रश्न विचारणं म्हणजे एकतर आगाऊपणा नाहीतर बावळटपणा, हे बारा अधिक चार वर्षं अंगात मुरलेलं असतं. ते दोन महिन्यांत कसं निघणार? ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच ओळीवर अडकून बसायची आणि मी विचारलं की "होतंय ताई" म्हणायची. शेवटी मी नियम उलटा केला. रोज पाच प्रश्न लिहून आणायचे, नसतील तर बनवून आणायचे. बनवून आणलेल्या प्रश्नांत खरे प्रश्न मिसळून यायला लागले.

जानेवारीत द्राक्षाचा हंगाम सुरू झाला तेव्हा तिला दिंडोरी रस्त्यावरच्या एका पॅकहाउसला दोन दिवस नुसतं उभं राहायला पाठवलं. परत आली ती वही भरून. आमची सिस्टिम धरून चालत होती की एका पॅलेटवर एकाच प्लॉटचा माल असतो. प्रत्यक्षात शेवटच्या पॅलेटवर दोन प्लॉटचे उरलेले बॉक्स एकत्र चढवले जात होते. पुन्हा तोच एका ट्रॅक्टरमधला दोन भावांचा कांदा. हा भाग तिने स्वतः नव्याने लिहिला. तोवर तिला सहा महिने झाले होते आणि आम्ही तिचा पगार 20,000 केला होता.

आता सेटिंगकडे येते.

आमच्या कंपनीत प्रॉडक्शन सर्व्हरचा, म्हणजे ज्या मशीनवर क्लायंटचं खरं काम चालतं त्याचा, पासवर्ड फक्त सरांकडे होता. कोणीही काहीही लिहिलं तरी ते शेवटी वर चढवणार सर. क्लायंटशी बोलणार सर. किंमत सांगणार सर. बाकीच्या आठ जणांनी जॉब चकमध्ये पकडायचा आणि हिरवं बटण दाबायचं.

मार्च 2025 मधल्या एका रविवारी एका क्लायंटच्या पॅकहाउसला लेबल छापणं बंद पडलं. कंटेनर दारात उभा. त्या मुलीने घरून चूक शोधली, दुरुस्ती केली, माझ्याकडून तपासून घेतली. सगळा मिळून पाऊण तास लागला. आणि मग आम्ही तीन तास वाट पाहिली, कारण सर जळगावकडे एका लग्नात होते आणि फोन लागत नव्हता. तीन तास ती मुलगी मला दर दहा मिनिटांनी मेसेज करत होती, "ताई, लागला का?" मला पप्पा आठवत होते, पुतण्या गावी गेलेल्या दिवशी बर काढत बसलेले.

सरांनी दुसऱ्या दिवशी पासवर्ड दिला. मला. तिला नाही.

सप्टेंबरमध्ये, बरोबर चौदा महिन्यांनी, तिला पुण्यातून ऑफर आली. आमच्यापेक्षा जवळजवळ पावणेदोन पट. तिने आधी मला सांगितलं. मी थांब म्हणाले नाही, कारण काय म्हणून थांब म्हणायचं? फक्त विचारलं, पैसे सोडून दुसरं काही कारण आहे का? ती जरा थांबून म्हणाली, "तिथे माझं काम मला स्वतःला वर चढवू देतील की नाही माहीत नाही. पण इथे देणार नाहीत ते माहीत आहे."

सर दुखावले. मला त्यांचं दुखावणं खोटं वाटत नाही. संध्याकाळी त्यांनी वही काढली आणि हिशोब मांडला. पहिले सहा महिने तिच्याकडून काही आलं नाही, म्हणजे 90,000 गेले. माझा एक तृतीयांश वेळ तिच्यामागे गेला, तो महिना 18,000 धरला तर सहा महिन्यांचे 1,08,000. एकूण 1,98,000. "दोन लाख," सर म्हणाले, "आपण दोन लाख खर्च करून पुण्याला माणूस तयार करून दिला." मग त्यांनी मोबाइल काढून मला एक बातमी दाखवली. ती त्यांनी मे महिन्यातच सेव्ह करून ठेवली होती.

बातमी खरी होती. 14 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. किमान तीन वर्षं नोकरी करा, नाहीतर दोन लाख रुपये भरा, ही नेमणुकीतली अट न्यायालयाने वैध ठरवली. सरांचं म्हणणं सरळ होतं. आकडाही तोच आहे, आता आपणही बाँड घेऊ. पुढच्या माणसापासून दोन वर्षांचा बाँड.

मी त्या रात्री निकाल वाचून काढला. 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 सांगतं, की माणसाला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल असतो. न्यायालय म्हणालं, ही अट नोकरी चालू असतानाच्या काळाची आहे, सोडून गेल्यावर कुठे काम करायचं यावर तिने बंधन घातलेलं नाही, म्हणून कलम 27 आड येत नाही. पण त्याच निकालात हेही आहे, की ही सार्वजनिक क्षेत्रातली बँक आहे, तिला हवं त्याला उचलून नेमता येत नाही, जाहिरात देऊन खुली भरती करावी लागते आणि त्याला वेळ आणि पैसा लागतो. आणि सोडून गेलेला माणूस वरच्या हुद्द्यावरचा, चांगल्या पगाराचा अधिकारी होता, दोन लाख त्याला भरता न येण्यासारखे नव्हते. महिना 15,000 वाल्या मुलीला दोन लाख म्हणजे तेरा महिन्यांचा पगार. आकडा तोच असला तरी वजन तेच नाही.

बाँड मी जवळून पाहिलाय. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत दहावीपासूनच्या सगळ्या ओरिजिनल मार्कशीट जमा करून घेतल्या होत्या, सोबत एक कोरा चेक. कपाट एचआरच्या खुर्चीमागेच होतं. आमच्या बॅचमधला एक मुलगा सातव्या महिन्यात काम करेनासा झाला. यायचा, बसायचा, जायचा. मुदत संपेपर्यंत त्याने हेच केलं. कंपनीला माणूस मिळाला असं म्हणायचं तर म्हणा.

तरीही सरांशी वाद घालताना मला एक गोष्ट आड येत होती. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी पप्पांनी शेठकडून उचल घेऊन भरली होती. आमच्याकडे एमआयडीसीत उचल म्हणजे पगारावर घेतलेली आगाऊ रक्कम. त्या उचलीला व्याज नव्हतं. लेखी काही नव्हतं. शेठनी "पोरीला शिकव" म्हणून खिशातून काढून दिली. त्याच वर्षी पप्पांना एका मोठ्या कंपनीच्या व्हेंडरकडे सेटर म्हणून बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत. उचल फिटेपर्यंत जाता येत नव्हतं, आणि फिटल्यावर जाणं बरं दिसलं नसतं.

म्हणजे मी ज्या बांधून ठेवण्याविरुद्ध बोलत होते, त्याच बांधून ठेवण्यातून मी इंजिनिअर झाले. शेठ वाईट होते का? मला तसं म्हणता येत नाही. त्यांनी मदत केली आणि त्या मदतीने माणूस राहिला, दोन्ही खरं आहे. पण उचलीत निदान आधी पैसे हातात पडतात. बाँडमध्ये आधी काहीच मिळत नाही, फक्त देणं लागतं. ज्या मुलीने अजून एक रुपया घेतला नाही, तिच्या नावावर पहिल्या दिवशी दोन लाख.

मी सरांना सांगितलं, तुमच्या वहीत फक्त नावेची बाजू आहे. जमेची कोरी आहे. सातव्या महिन्यापासून चौदाव्यापर्यंत तिने पॅलेटचा भाग नव्याने लिहिला, त्यावर दोन नवे क्लायंट आले. त्या आठ महिन्यांत तिला आपण 1,60,000 दिले. क्लायंटकडून किती आले ते तुम्हाला माहीत, मला नाही, कारण किमती मला सांगितल्या जात नाहीत. सर हसले नाहीत, पण वही मिटली.

या वादानंतर मी वाचत गेले, आणि एक अभ्यास सापडला. निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 पासून तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांमध्ये एक प्रयोग केला. काही गिरण्यांना मोफत व्यवस्थापन सल्लागार दिले. रोजचे दोष लिहा, सुताचा साठा मोजा, मशीन बंद का पडलं त्याची नोंद ठेवा, असली साधी कामं. पहिल्याच वर्षात उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. 2013 मध्ये तो अभ्यास छापून आला. पण मला पकडून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. गिरणी किती मोठी होणार, हे ती किती चांगली चालते यापेक्षा मालकाच्या घरात किती पुरुष आहेत यावर ठरत होतं. बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास टाकायची तयारी नाही, त्यामुळे जेवढे भाऊ आणि मुलगे तेवढ्या शाखा. (मुली मोजणीत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.) काही वर्षांनी संशोधक पुन्हा गेले तेव्हा प्रयोगातल्या जवळपास निम्म्या पद्धती बंद पडल्या होत्या. त्यामागचं एक मोठं कारण, मॅनेजर बदलले.

2018-19 च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीत अशा कंपन्यांना "बुटक्या" म्हटलंय, म्हणजे दहा वर्षं उलटूनही शंभर माणसांच्या आतच राहिलेल्या. संघटित कारखानदारीत संख्येने त्या निम्म्या, पण रोजगारात त्यांचा वाटा सुमारे 14 टक्के. पाहणीने याचा दोष मुख्यतः कामगार कायद्यांच्या मर्यादांवर ठेवला. त्यात तथ्य आहे. पप्पांच्या वर्कशॉपमध्ये माणसं अकरा होती आणि रजिस्टरवर नावं नऊ, कारण दहाव्या नावाबरोबर कारखान्याला ईएसआय लागू होतो. पप्पा त्या नऊत होते का, हे आम्हाला फार उशिरा कळलं. नव्हते.

पण कायद्याची भीती हे अर्धंच कारण आहे, असं मला नाशिकमध्ये बसून वाटतं. इथले कितीतरी वर्कशॉप मोठ्या कारखान्यांतून शिकून बाहेर पडलेल्या माणसांनी उभे केले. कोणीतरी त्यांना सेटिंग शिकवलं होतं, म्हणून ते शेठ झाले. आणि नेमकं म्हणूनच त्यांना माहीत असतं की शिकवलेला माणूस काय करतो. आमचे सरही पुण्यातल्या एका कंपनीने शिकवलेले. त्यांनीही तिथून निघून स्वतःचं सुरू केलं, आणि आज त्यांच्या नऊ माणसांच्या पगाराची सोय त्या शिकण्यातून होते.

छोट्या कंपनीकडे देण्यासारखं काय असतं? पगारात ती पुण्याशी टक्कर घेऊ शकत नाही. कॅम्पस नाही, कॅब नाही, नावाचा दबदबा नाही, लग्नाच्या बायोडेटात आमच्या कंपनीचं नाव लिहिलं तर समोरचे विचारतात, "म्हणजे नक्की काय?" एकच गोष्ट ती मोठ्या कंपनीपेक्षा लवकर देऊ शकते. तेवीस वर्षांच्या मुलीला अख्खं काम, पहिल्या फोनपासून शेवटच्या बिलापर्यंत. पुण्यात मला साडेतीन वर्षांत एकाही क्लायंटचा आवाज ऐकायला मिळाला नव्हता. आणि नेमकी तीच गोष्ट जाण्याच्या भीतीने आम्ही कुलूपबंद ठेवतो.

हे मी सरांना एका बैठकीत सांगितलं नाही. दिवाळीपर्यंत चाललं होतं, थोडं थोडं, चहाच्या वेळी. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे बाँड नाही, तर काय?" मी एक पान लिहून दिलं. तीन महिन्यांनी काय यायला हवं, सहा महिन्यांनी काय, आणि त्या त्या वेळी पगार किती होणार, आकड्यासह. सहाव्या महिन्यात स्वतःचं काम स्वतः सर्व्हरवर चढवायची परवानगी, माझ्या देखरेखीखाली. नवव्या महिन्यापासून एका क्लायंटचे फोन. दर सहा महिन्यांनी कामांची जबाबदारी फिरवायची, म्हणजे कोणतीही गोष्ट एकाच डोक्यात राहणार नाही. सोडायचं असेल तर सोडा, पण मागच्याला शिकवून.

पगाराचे आकडे लिहून देण्यावर सर अडले. "लिहून दिलं आणि त्या महिन्यात क्लायंटचे पैसे आले नाहीत तर?" हा प्रश्न बिनतोड होता, अजूनही आहे. आम्ही आकडे थोडे खाली आणले आणि लेखीच ठेवले.

याने सगळे राहिले, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांत मी पाच फ्रेशर घेतले, तीन गेले. त्यातला एक तर हे पान लागू झाल्यावर, सर्व्हरवर काम चढवायला शिकून दोन महिन्यांनी गेला. सरांनी त्या दिवशी माझ्याकडे फक्त बघितलं. पुणे दोनशे किलोमीटरवर आहे, मुंबई त्याहून जवळ. ते रस्ते काही माझ्या पानाने लांब होणार नाहीत. पण या जानेवारीत हंगाम ऐन भरात असताना सर तापाने पाच दिवस घरी होते आणि एकही कंटेनर थांबला नाही. निफाडची ती मुलगी पुण्यातून मधूनमधून फोन करते. तिथे ती एका मोठ्या सिस्टिममधल्या एका स्क्रीनवरची दोन बटणं सांभाळते. पगार वेळेवर होतो, भावाची फी ती भरते. परत ये असं मी म्हणत नाही, ती येते असं म्हणत नाही. मध्यंतरी तिने तिच्या कॉलेजातल्या एका ज्युनिअरला आमच्याकडे पाठवलं, "तिथे शिकायला मिळेल" म्हणून.

पप्पांना मी हे सगळं सांगत असते. ते आता घरीच असतात. त्यांचं मत सरांच्या बाजूने आहे. "शेठचंही बघावं लागतं," म्हणतात. मग थोड्या वेळाने स्वतःच विचारतात, "त्या नव्या मुलाला पासवर्ड दिला का?"

तो नवा मुलगा, म्हणजे तिने पाठवलेला ज्युनिअर, एक तारखेपासून येतोय. त्याचं ऑफर लेटर मी तयार केलं. बाँडचं कलम नाही. नोटीस पिरियड 30 दिवस लिहिला होता. सरांनी पेनने 30 खोडून 60 केलं. मी म्हटलं, साठ दिवस कोणती पुढची कंपनी थांबते? अर्धा तास घासाघीस झाली. 45 वर थांबलो. सरांनी सही केली, मग पान उलटून सहाव्या महिन्याची ओळ पुन्हा एकदा वाचली आणि म्हणाले, "सहाव्या नको, सातव्या कर." मी सहावाच ठेवला आणि प्रिंट काढली.